बिनउजेडाचा लोड

इम्तियाजभाई अत्तारांनी माझ्यासाठी केलेल्या वस्तूला रूप म्हणाल तर काही नाही. तरी धायरीच्या आमच्या वर्कशॉपमध्ये पाऊल टाकलं की मी आधी तिला नमस्कार करते. हसणाऱ्यांनी हसावं.

आम्ही रस्त्यावरच्या एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर बनवतो. ड्रायव्हर म्हणजे दिव्याला बेताने वीज पुरवणारं सर्किट. तयार माल तपासायचं काम माझं. खरा दिवा जोडायचा, चालू करायचा आणि मीटर बघायचा. दिव्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं तरी झोत डोळ्यांत घुसायचाच. वर्षानुवर्षं हे चाललं आणि एक दिवस मीटरचा काटा पुसट दिसायला लागला. कर्वेनगरच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि बजावलं, "पडद्याला आधीच इजा आहे. हा झगझगाट बंद करा, नाहीतर उरलेली नजरही जाईल."

आमचे मालक राकेश भले गृहस्थ. "ताई, पॅकिंगला या," म्हणाले. पॅकिंगमध्ये वाईट काही नाही. पण काटा कसा चढतो यावरून मला ड्रायव्हरची प्रकृती कळते, आणि नवरा गेल्यावर मी याच कामाच्या आधाराने उभी राहिले होते. त्या दुपारी मी डबा न उघडता नुसती रडत बसले.

शेजारच्या टेबलावर इम्तियाजभाई दुरुस्ती करतात. कॅम्पातल्या वडिलांच्या रेडिओच्या दुकानात वाढलेला माणूस, पण बोलणं पेठेतल्यांना लाजवेल असं खोचक. "अहो सुहासिनीताई, डोळे आधीच बिघडलेत, त्यात पाणी कशाला घालताय?" एवढंच बोलले आणि कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी ते विजेच्या शेगडीची कॉइल घेऊन आले. "ड्रायव्हरला काय कळतंय समोर दिवा आहे की शेगडी? वीज खाणारं कुणीतरी हवं, म्हणजे लोड." जोडली. उजेड नाही, नुसती धग! मी खूश. पण ड्रायव्हर एकामागून एक नापास व्हायला लागले. चालू व्हायचे, लगेच बंद पडायचे. माल अडकला, राकेश धास्तावले, आणि मी मनातल्या मनात पॅकिंगच्या टेबलाशी जाऊन बसले.

इम्तियाजभाईंनी मला दिव्याकडे पाठ करून उभं केलं आणि एक नापास ड्रायव्हर खऱ्या दिव्याला जोडला.

"लागला का हो?" मी भिंतीकडे बघत विचारलं.

"लख्ख. नापास ड्रायव्हर झाला नाही ताई, मी झालो."

मग त्यांनी समजावलं. कॉइल पहिल्या क्षणापासून वीज ओढते. एलईडी आपल्या पुण्यातल्या दुकानदारासारखा. शटर पूर्ण वर गेल्याशिवाय गिऱ्हाइकाकडे बघतसुद्धा नाही. पुरेसा दाब आल्याशिवाय तो वीज घेत नाही, आणि ड्रायव्हरला त्याच स्वभावाची सवय. डायोड नावाच्या छोट्या पुर्ज्याचा स्वभावही तसाच, फक्त तो उजेड पाडत नाही. इम्तियाजभाईंनी भरपूर डायोड एकापुढे एक जोडून माळ केली. तापतील म्हणून घरून आईचा बिर्याणीचा जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, टोप आणला, वीज टोपात उतरू नये म्हणून मध्ये अभ्रकाचे तुकडे घालून डायोड त्याला बाहेरून पट्ट्यांनी आवळले आणि टोपात पाणी भरलं. ड्रायव्हर जोडला. खोलीत काहीच झालं नाही. काटा मात्र सरसर चढला आणि जागेवर थांबला. मला इतका आनंद झाला की मी चक्क टाळ्या वाजवल्या.

पुढच्या तपासणीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नजर आहे तिथे टिकली आहे." मी तशीच पेढे घेऊन इम्तियाजभाईंच्या घरी गेले. त्यांच्या आईचे, मदिनाबींचे, आभार मानायचे होते. भरल्या घरातला टोप कोण देतं हो?

मदिनाबी खाटेवर बसल्या होत्या. पेढा दिला तर हात हवेत चाचपडला, तेव्हा मला कळलं. तरुणपणापासून जरीकाम करत होत्या, त्यातच दृष्टी अधू होत गेली आणि पुढे पार गेली. तेव्हा इम्तियाज शाळेत होता, त्या म्हणाल्या. इम्तियाजभाईंनी मला हे कधी सांगितलं नव्हतं.

त्यांनी माझा हात धरला. "तुला दिसतंय ना गं नीट?"

"दिसतंय अम्मी. तुमच्या मुलाच्या कृपेने."

"मग मला सांग, तो कसा दिसतो आता?"

"काय अम्मी, काहीतरीच," इम्तियाजभाई पुटपुटले आणि उठायला लागले. मी त्यांना दटावून समोर बसवलं, नीट पाहिलं आणि केसांपासून सांगायला सुरुवात केली.