दोन नारळ

आषाढात पुतण्याचा फोन आला, "काकी, आई गेली." मी सांगलीत, स्वयंपाकघरात उभी. हातातली पळी हातातच राहिली आणि मनात आलं ते भलतंच... आता नारळी पौर्णिमेला कृष्णेला नारळ कोण देणार?

आक्का माझी थोरली जाऊ. इस्लामपूरजवळ कृष्णाकाठी आमचं सासर, जिकडं बघाल तिकडं ऊस. भावजी ट्रकवर होते. गूळ भरून कुंभार्ली घाटानं गुहागरच्या बाजूला उतरायचे, येताना सुकी मासळी आणायचे. सत्तरच्या दशकातली गोष्ट. एका खेपेला मासळीबरोबर मासळी वाळवणारीलाच लग्न करून घेऊन आले! घरात काय गहजब झाला म्हणता...

सासूबाईंनी सुनेला उंबऱ्याच्या आत घेतलं, मासळीला नाही. "मटण शिजंल ह्या घरात, पर त्यो वास न्हाई चालायचा." तिकडं आक्काच्या भावानं, न विचारता लग्न केलं म्हणून बोलणंच टाकलं. आईबापामागं त्यानंच तिला वाढवलेलं. भांडी घासताना ती मला सगळं रंगवून सांगायची. होडी कशी लोटतात, बांबूंना दोर ताणून बोंबील जबड्यात जबडा अडकवून कसे वाळत घालतात, बायका पाट्या घेऊन किनाऱ्यावर होड्यांची वाट बघत कशा बसतात. शेवटी मात्र एकच, "भाऊ बोलला नाय तरी चालंल गो, त्याची होडी सुखरूप येऊ दे."

म्हणून दर नारळी पौर्णिमेला ती घाटावर जाऊन कृष्णेत नारळ सोडायची. पावसाळ्यात ओढून ठेवलेल्या होड्या त्या सणानंतरच पुन्हा पाण्यात जातात. नदी दर्यालाच मिळते, तेव्हा नारळ भावाकडं पोचणारच, असं तिनं धरलेलं. बरीच वर्षं हे चाललं. एका पौर्णिमेला ती नारळ सोडून आली तेव्हा सासरे, पलटणीतून पेन्शनीत आलेले, सहज बोलून गेले, "आगं पोरी, किस्ना जाती तिकडं आंध्रात. तुजा दर्या हिकडं, घाटाखाली."

इतकी वर्षं भावाच्या होडीला आपलं काहीच पोचलं नाही... आक्का जी रडायला लागली ती थांबेचना. मला सासऱ्यांचा असा राग आला! पण उठल्या त्या सासूबाई. मुलाला म्हणाल्या, "ट्रक काड. नारळ घे दुसरा. मी बी येती." जन्मात समुद्र न बघितलेली ती बाई, केबिनमध्ये मांडीवर नारळ घेऊन घाट उतरली.

पुढचं आक्कानं सांगितलेलं. भाऊ जाळं विणत बसला होता, मान वर करेना. सासूबाई त्याच्यापुढं उभ्या राहिल्या. "तुमची भन तुमच्या होडीपायी चुकीच्या नदीला नारळ देत बसली. आता खरा कुटं द्यायचा त्ये तुमीच दावा." त्यानं जाळं खाली ठेवलं. "चल बाय," एवढंच म्हणाला आणि बहिणीचा हात धरून पाण्यापर्यंत गेला.

परतताना ट्रकमध्ये सुक्या बोंबलांची पाटी होती. घरभर वास! आणि परसात दोरी बांधायला सासूबाईच पुढं. भाऊ माल धाडायचा, आक्का तो उन्हं दाखवून इस्लामपूरच्या बाजारात विकायची. त्यावर पोरं शिकली.

नारळ मात्र तेव्हापासून दोन. एक भावाकडं जायचा, एक कृष्णेला. मी चिडवायची, "आवं आक्का, आता हिला कशाला?"

"इतकी वर्सं दिला, आन् आता तिला उपाशी ठिवू व्हय?" बोली बघा, पार आमची झाली होती. मी सांगलीला राहायला आल्यावर ती फोन करायची, "सोडलाय गं. उद्या तुज्या दारावरनं जाईल, बग."

परवा पौर्णिमेला पुतण्याचा फोन आला. त्याचा म्हातारा मामा, होडीची पूजा मुलांवर सोपवून, दारच्या माडाचा नारळ घेऊन एसटीनं आला होता. बहिणीच्या घाटावर उभं राहून त्यानं विचारलं, "ही जाते कुठं?"

"सांगलीला, काकीकडं," पुतण्या म्हणाला. मग मामानं वाकून नारळ सोडला.

दुसऱ्या दिवशी मी इथल्या घाटावर गेले. नदी दुथडी भरलेली, नारळ कुठला दिसायला! तरी हात जोडले आणि मोठ्यानं म्हटलं, "पोचला गं, आक्का."