ओ येईपर्यंत

गोव्यात आमच्या पार्से गावाकडे माणसाला हाक मारली की थांबतात. समोरून ओ आली की मगच काय ते सांगायचं. ओ आली नाही तर पुन्हा हाक, पुन्हा थांबणं. हे मला जन्मापासून ठाऊक होतं आणि नेमकं कामाच्या वेळी मी ते विसरलो. पुढे आठवलं, तेव्हा गप्प बसलो.

बाबा डिचोलीच्या बाजूला खाणीवर, खनिज फोडायच्या क्रशरपाशी कामाला होते. गोवा राज्य झालं त्या सुमारास गावात मराठी की कोंकणी यावरून रोज वाद चालायचे आणि त्यात बाबांचा आवाज सगळ्यांत मोठा. आम्हाला वाटायचं, माणूस तावातावाने बोलतोय. त्यांना स्वतःचंच बोलणं ऐकू येईनासं झालं होतं, हे बऱ्याच उशिरा कळलं.

मी शिकून बंगळुरूला गेलो. कानाच्या मशीनसाठी चिप बनवणाऱ्या कंपनीत लागलो. माझ्याकडे काम बॅटरी वाचवायचं. चिप रिकामी बसली तरी तिच्यातून वीज झिरपत असते. आमच्या नदीकाठच्या खाजन शेतांच्या बांधात मानस असते, म्हणजे नदीचं खारं पाणी अडवणारं लाकडी दार. ते कितीही घट्ट बसलं तरी फटींतून पाणी येतंच. बाहेरची पातळी उतरली की झिरपही कमी होते. चिपला मिळणारं व्होल्टेज म्हणजे ती बाहेरची पातळी. भोवती शांत असेल तेव्हा ते उतरवून ठेवायचं, आवाज आला की चढवायचं. एकदम चढवलं तर वाटाण्याएवढी बॅटरी गचके खाते, म्हणून सावकाश. तेवढ्यात बोलण्याचा पहिला शब्द निसटतो. आम्हाला ते माहीत होतं. वाक्य लांब असतं, एक शब्द गेला तरी अर्थ लागतो, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. चाचणीसाठी माणसं कागदावरचे उतारे वाचायची. उताऱ्यात कोणी कोणाला हाक मारत नाही.

त्यातलंच चाचणीचं एक मशीन मी परवानगी घेऊन बाबांना आणून दिलं. पोदेर पाव घेऊन येतो तो भोंपू सारखा वाजवत येतो, त्यामुळे तो ऐकू आला. बातम्या ऐकू आल्या. बॅटरी पुष्कळ टिकते हे कौतुक तर बाबांनी पेडण्याच्या बाजारापर्यंत नेलं.

आईने मात्र फोनवर हसत हसत सांगितलं, "तुझं मशीन भारी सोयीचं आहे हां. मी बोलत सुटले की सगळं ऐकतात. नुसतं अहो म्हटलं की फातर, दगड नुसता!"

मला त्याच क्षणी कळलं. आई अहो म्हणते आणि थांबते. तेवढी शांतता मिळाली की चिप पुन्हा झोपते. पुन्हा अहो, तोही शब्द व्होल्टेज चढण्यात गेला. तिने दिवसभर हाका मारल्या तरी एकही पोचणार नव्हती. झोपेतलं व्होल्टेज थोडं वर ठेवलं असतं तर भागलं असतं. पण मग बॅटरी तेवढी टिकली नसती, आणि किती टिकते हे वरच्या लोकांना दाखवायची बैठक तोंडावर आली होती.

मी आईला म्हटलं, "त्यांचं लक्ष नसेल गो."

पावसाळा सरता सरता आई मागीलदारी न्हाणीजवळ शेवाळावर घसरली. बाबा पुढे सोप्यावर कदेलीत, आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसले होते. मशीन कानात होतं, चालू होतं. शेजारची काकी विळा मागायला मागच्या बाजूने आली तेव्हा आई सापडली. खुबा मोडला होता. हॉस्पिटलात खाटेवर पडल्या पडल्या ती बाबांना म्हणाली, "हाका मारत होते. ओ दिली नाहीत." रागावून नव्हे. बाबांना ते पहिल्या शब्दापासून ऐकू आलं, कारण डॉक्टर शेजारीच बोलत होते आणि चिप जागी होती.

बाबांनी मशीन काढून कपाटात ठेवलं ते कायमचं. भेटायला येईल त्याला सांगायचे, माझंच लक्ष नव्हतं. आई काठी घेऊन वावरू लागली, पण हाक मारणं तिने सोडलं. काही हवं असलं की काठी टेकत पुढे यायची आणि बाबांच्या खांद्याला हात लावायची. सुट्टीत घरी आलो की मी हे बघायचो आणि जेवायला बसायचो. कंपनीत ती चूक यथावकाश दुसऱ्याच कुणाच्या तरी लक्षात आली, दुरुस्तही झाली. आई पुढे वेगळ्याच दुखण्याने गेली.

यंदा चवथीला घरी गेलो. पाहुणे पांगल्यावर दुपारी बाबांशेजारी बसलो. बाबा हल्ली स्वतःहून काही बोलत नाहीत. मी सांगायला सुरुवात केली, ते म्हणाले, काय? पुन्हा सांगितलं, पुन्हा काय. जी गोष्ट इतकी वर्षं मी कुणाच्या कानात पुटपुटलो नाही, ती शेवटी मला ओरडून सांगावी लागली.

"तुमचं लक्ष होतं, बाबा! मशीन झोपायचं. मीच तसं केलं होतं, आणि मला ठाऊक होतं!"

कुंपणापलीकडे काकीचा झाडू थांबला.

या वेळी बाबांना ऐकू आलं. मग म्हणाले, "हे तिला सांगायचं होतंस रे. ती जाईपर्यंत मला तसाच समजत होती."

काकी कुंपणाशी येऊन विचारत होती, काय झालं, बापलेक सणाचे भांडताहेत काय. बाबांना ते ऐकू येणं शक्य नव्हतं, पण ती उभी राहिलेली त्यांनी पाहिली.

"काय नाय गो," ते तिला म्हणाले, "मशीनीचं सांगता तो."

मग माझ्याकडे वळून त्यांनी हातानेच खुणावलं, हळू.