सायकलच्या ट्यूबची पट्टी

बाजारात कपड्यांचं एक दुकान जळालं. दुसऱ्या दिवशी मी फायर ब्रिगेडचा रिपोर्ट आणायला गेलो. मी विमा एजंट. तो कागद नसेल तर आमची कंपनी क्लेमची फाइल उघडतसुद्धा नाही.

तिथे एक फायरमन जमिनीवर बसून पाण्याच्या फाटक्या पाइपावर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळत होता. पट्टीचं टोक दातांत, भुवया जळालेल्या. याच पाइपानं त्यानं शेजारची आठ दुकानं वाचवली होती. त्या सगळ्यांचे विमे मीच उतरवलेले.

गाठ मारून त्यानं वर पाहिलं. "भाऊ, आठ दुकानं वाचली, तर फायदा तुमच्या कंपनीचाच झाला नं? मग ती ह्या पाइपसाठी काहीच का नाही देऊन राहिली?"

संध्याकाळी मी कंपनीतल्या साहेबांना तेच विचारलं.

"ते सरकारचं काम," ते म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. हप्ते घ्यायला हे, आणि धुरात शिरायला तो?

वर साहेबांनी माझीच पाठ थोपटली. "एवढी मोठी आग आणि क्लेम एकच! शाबास!"

आणि मी, त्याच्या जळालेल्या भुवया आठवत असताना, साहेबांसमोर दात काढून हसलो.