गजाननच्या तोंडून आलेला निरोप

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. आमचं घर बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच घरातल्या देवांची बोळवण झाली, आणि बावीस प्रतिज्ञा मला शाळेतल्या कवितांच्या आधी पाठ होत्या. त्यात नोकरी नर्सची. अंगात आलेल्या बाया मी पाहिल्या, त्यांना सलाईनसुद्धा लावलं. म्हणून हे लिहायला इतकी वर्षं टाळाटाळ केली. आत्ताही एका जागी बसवत नाहीये... एवढ्या चार ओळी लिहिताना दोनदा उठून अंगणात जाऊन आले.

गोष्ट दारव्ह्याची. कापसाचे ते वाईट दिवस होते. शेतकऱ्याच्या आत्महत्येचं पेपरात यायचं, पण कापूस वेचणाऱ्या बाया, जिनिंगमधले, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यातले हमाल, ज्यांची कामं त्याच्या मागोमाग गेली, त्यांचं कुठं काही छापून यायचं नाही. ती माणसं बसस्टँडवर दिसायची. तिथंच झोपायची, तिथंच प्यायची.

बाजाराच्या मागच्या गल्लीत एक छोटं चर्च होतं. विटांच्या भिंती, वर टिनाचं छप्पर. तिथले पास्टर आठवडी बाजाराच्या दिवशी या लोकांना वरण-भात जेवू घालायचे. बाजूच्या खोलीत चार खाटा टाकल्या होत्या — दारू सोडायची आहे पण घर नाही, अशा माणसांसाठी. मी नुकतीच रिटायर झाले होते. पास्टर घरी येऊन म्हणाले, "सिस्टर, प्रार्थनेले नका येऊ. फक्त पट्ट्या बांधाले या." मला ते आवडलं. मी जायला लागले.

तिथं एक बाई होती. तिशी-पस्तिशीची. सात-आठ महिन्यांपूर्वी स्टँडवर तापानं फणफणलेली सापडली होती. बरी झाली आणि चर्चच्या स्वैपाकातच राहिली. भांडी घासायची, तांदूळ निवडायची, पण तोंडातून शब्द नाही. नाव नाही, गाव नाही. सगळे तिला मुकीच म्हणायचे. मी घसा तपासला होता, काही दोष नव्हता. मनाला धक्का बसला असेल, असं समजून मी सोडून दिलं.

आणि गजानन. आर्णीकडचा, चाळिशीचा हमाल. जिनिंग बंद पडलं तसा दारूत बुडाला. पास्टरांनी त्याला स्टँडमागच्या नालीतून उचलून आणलं होतं. दारू सुटल्यावर तिसरा दिवस सगळ्यात वाईट असतो, हे मला नोकरीतून माहीत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेले. झटका आला तर सरळ यवतमाळला हलवा, म्हणाले. मी खाटेजवळ स्टूल टाकून बसले. त्याच्या अंगाला कंप, चादर घामानं ओली. भिंतीवर मुंग्या दिसत होत्या त्याला, हातानं झटकत होता. यात मला नवीन काही नव्हतं.

दुपारचे सव्वाबारा झाले असतील. बाहेर पंगत बसली होती, भर उजेड, वाढण्याचा गोंगाट. गजाननचा कंप एकदम थांबला. डोळे उघडे, पण माझ्याकडे नाहीत. आणि तो बोलायला लागला.

आवाज त्याचा नव्हता. त्याचा आवाज भसाडा, पोती उचलणाऱ्याचा. हा बारीक, जरा चिरका, म्हातारा... लहान पोराला जेवायला हाक मारावी तसा लाडीगोडीचा. भाषा मराठी नव्हती, हिंदी नव्हती. बंजाऱ्यांची गोर बोली मी ओळखते, तीही नव्हती. एकच शब्द परत परत म्हणायचा, मग लांबलचक काहीतरी, मग पुन्हा तोच शब्द.

मी नाडी धरली. स्वतःलाच म्हणाले — बरळतोय.

तेवढ्यात बाहेर भांडी कोसळल्याचा आवाज झाला. मुकी धावत आत आली. हाताला राख, पदर सुटलेला. खाटेच्या पायथ्याशी धपकन बसली आणि बोलायला लागली! त्याच भाषेत. भडाभडा. तो बोलायचा, ती उत्तर द्यायची. ती विचारायची, तो सांगायचा. मध्येच ती हसली, मग कपाळ खाटेच्या लोखंडावर टेकवून रडली. आठ-दहा मिनिटं हे चाललं असेल. माझी बोटं त्याच्या मनगटावर होती आणि नाडी अगदी संथ, झोपलेल्या माणसासारखी. दारू सुटताना नाडी धावते, अशी संथ असूच शकत नाही.

पास्टर दारात उभे होते. मला वाटलं हे आता प्रार्थना सुरू करतील. पण त्यांचाच चेहरा पांढरा पडलेला. हळूच म्हणाले, "सिस्टर, हे काय होऊन राह्यलं?"

"मले काय विचारता?" मी म्हटलं. "हे तुमचं खातं आहे."

"नाही जी," ते म्हणाले. "हे माह्यंही नाही."

गजानन गप्प झाला, कूस वळवून झोपला. बाई उठली, डोळे पुसले आणि माझ्याकडे बघून मोडक्या मराठीत म्हणाली, "मुकुटबन. घरी जातो."

दुसऱ्या दिवशी पहाटे पास्टरांनी ओळखीची जीप काढली. यवतमाळ, पांढरकवडा, मग झरीच्या बाजूनं आत. रस्ताभर मी अस्वस्थ. खिडकी लाव, खिडकी उघड. ती मात्र शांत बसली होती. नाव भीमबाई, एवढं तिनं सांगितलं. मुकुटबनला शाळेतले एक मास्तर भेटले, त्यांना तिची भाषा, कोलाम आदिवासींची कोलामी, येत होती. ते आमच्यासोबत जीपमध्ये बसले. पुढं कच्च्या रस्त्यानं तिचा पोड. पोड म्हणजे कोलामांची वस्ती, पंधरा-वीस कुडाची घरं.

जीप थांबली. तिनं लांबूनच बोट दाखवून आपलं घर सांगितलं. घराच्या समोर फक्त सारवलेली भिंत होती, दार नव्हतं. मी म्हटलं, घर चुकली बहुतेक. पण भीमबाई थांबलीच नाही. भिंतीला वळसा घालून सरळ मागच्या बाजूला गेली. दार तिथं होतं, नवीन. मी समोरची भिंत जवळून पाहिली. जुन्या दाराची जागा कुडानं बुजवलेली स्पष्ट दिसत होती.

मागं तिची म्हातारी आई बसली होती. मला वाटलं होतं, आरडाओरडा होईल, रडारड होईल. म्हातारीनं लेकीच्या तोंडावरून हात फिरवला आणि भाकरीची टोपली पुढं सरकवली. बस्स. सकाळी शेताला गेलेली पोरगी दुपारी परत यावी तशी.

शंका घेणं माझ्या रक्तातच आहे. मी मास्तरांना म्हटलं, दोघींना वेगवेगळं विचारा.

भीमबाईनं सांगितलं ते असं. दारुड्या नवऱ्यानं तिला हाकललं होतं — परत या पोडात दिसली तर जीव घेईन म्हणाला होता. ती कापूस वेचणाऱ्या टोळीसोबत दारव्ह्याकडे आली, आजारी पडली, टोळी निघून गेली. परत जायचं नाही, तर बोलायचं कोणाशी आणि कशाला, म्हणून गप्प राहिली. काल तिनं आईचा आवाज ऐकला. आई म्हणाली, तो दुसरी बाई घेऊन आंध्रात गेला, आता भिऊ नको. समोरचं दार पावसात पडलं, मागून ये.

मग मास्तर म्हातारीकडे गेले. ती काय म्हणाली ते त्यांनी मला सांगितलं, पण माझ्या डोळ्यांकडे न बघता.

"म्हणते, पोरगी गेली तवापासून मी रोज दुपारी तिले हाका मारत होती. दार मागं नेलं, नवरा गेला, सारं सांगत होती. कालच्या दिवशी तिनं ओ दिली."

"ओ दिली म्हणजे? हिले ऐकू आलं काय?"

मास्तरांनी विचारलं. म्हातारी माझ्याकडे बघून काहीतरी बोलली.

"म्हणते, हो. अन् म्हणते, तो मानूस लई तहानलेला होता जी. त्याले पानी पाजा."

मी तिथून उठले आणि जीपपर्यंत चालत गेले. परत आले. पुन्हा गेले. पास्टर म्हणाले, "बसा ना सिस्टर." बसवलं नाही.

भीमबाई तिथंच राहिली. आम्ही परतलो तेव्हा गजानन शुद्धीत होता, भात खात होता. त्याला काहीच आठवत नव्हतं. मी खोदून खोदून विचारलं. मुकुटबन त्यानं कधी पाहिलं नव्हतं. कोलामी माणसं जिनिंगमध्ये कधी सोबत नव्हती. आर्णीला त्याचा भाऊ होता, त्यालाही मी गाठलं. तो म्हणाला, "त्याले मराठी धड बोलता येत नाही बाई, कोलामी कुठून येईन?" डॉक्टर म्हणाले, मेंदू कधीतरी कानावर पडलेलं बाहेर काढतो. ठीक आहे. पण पावसात पडलेलं दार कोणाच्या कानावर पडलं होतं? आणि ती जे विचारत होती त्याची उत्तरं?

खरी गोष्ट एवढ्यावर संपायला हवी होती. पण गजाननला कोणीतरी सगळं सांगितलं. संध्याकाळी मी पट्ट्यांची पेटी आवरत होते, तेव्हा येऊन माझ्यासमोर उकिडवा बसला.

"बाई, तिची माय माह्या तोंडून बोलली म्हनते?"

"असं लोक म्हणतात."

"मंग..." तो जमिनीवर बोटानं रेघा काढत होता. "माही माय मी लहान होतो तवाच गेली. तिचं काही आलं काय? माह्यासाठी? एखादा शब्द?"

"नाही रे गजानन," मी म्हटलं. "तसं काही नव्हतं."

त्यानं मान हलवली. सकाळी खाट रिकामी होती. पास्टरांनी आर्णी, दिग्रस, यवतमाळ, सगळे स्टँड पालथे घातले. तो परत दारूकडे गेला की कुठं कामाला लागला की आणखी काही, आजवर कळलं नाही. मी अजूनही कुठल्याही स्टँडवर उतरले की आधी भिंतीकडेला झोपलेल्या माणसांचे चेहरे पाहते.

त्या दुपारी काय झालं, मला सांगता येत नाही. तुमच्यापैकी कोणाला कळलं तर जरूर लिहा, मी मोकळ्या मनानं वाचेन. पण मला एका जागी बसू देत नाही ते वेगळंच. नोकरीत मी मरणाऱ्या माणसांशी कितीतरी खोटं बोलले... तुमचा मुलगा निघाला आहे, पोचतोच आहे. गजाननला फक्त एक वाक्य हवं होतं — हो, तुझ्या मायनंही तुझी आठवण काढली. माझ्या तोंडून ते त्या संध्याकाळी का निघालं नाही, याचंही उत्तर माझ्याजवळ नाही.