ओवीची डावी मोजडी

मी अकोल्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. वर्गात कुणी भुताची गोष्ट काढली की त्याला उभं करून दहा प्रश्न विचारते, त्यामुळे हे लिहिताना आपणच बाकावर उभं राहिल्यासारखं वाटतंय. पण घडलं ते घडलं...

डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही गाडीनं राजस्थानला गेलो – नवरा नितीन, पाच वर्षांची ओवी, मी आणि माझे बाबा. बाबांचं दर्यापूरजवळ वावर आहे. हरभऱ्याला पाणी द्यायला माणूस ठेवला, तेव्हा कुठे ते गाडीत बसले. जोधपूरला त्यांनी ओवीला लाल मोजड्या घेऊन दिल्या.

दोन दिवसांनी, जैसलमेरच्या पुढे, भर दुपारी आम्ही वाळूत सतरंजी अंथरली. चहूकडे पिवळ्याधमक टेकड्या – इतकं सुंदर की मी फोटोच काढत बसले. बाबांनी भाकरीचा पहिला घास बाजूला वाळूवर ठेवला. वावरातही ते धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बोरीखाली रोज असाच ठेवतात.

"बाबा, हे काय तुमचं वावर आहे का? कचरा कशाला करता?" मी तो घास उचलून पिशवीत टाकला.

"राहू दे ना वं. ज्या भुईवर बसलो तिले पहिला घास द्या लागते."

मी हसले. बाबा जेवलेच नाहीत.

ताटल्या आवरताना पाहते तर ओवी नाही! तिची पावलं जवळच्या टेकडीच्या माथ्यापर्यंत होती... पुढे वाळू कोरी. वारा नव्हता. नितीन हाका मारत पलीकडे धावला. अर्धा तास आम्ही वेड्यासारखे शोधत होतो.

बाबांनी पिशवीतून तो घास काढला, होता तिथे ठेवला आणि हात जोडले. "चूक झाली, माय. पोट्टी वापस दे."

"आई, पाय धुऊन दे ना..."

ओवी गाडीमागे उभी होती. घोट्यापर्यंत चिखल – काळा, चिकट, ओला चिखल! डाव्या पायात मोजडी नव्हती.

"चिखलात फसली," ती म्हणाली.

मी बाटलीतलं पाणी ओतत होते. बाबांनी तो चिखल बोटांवर चोळला, हुंगला, आणि ते खाली बसले.

परत आल्यावर ते थेट वावरात गेले. तासाभरात फोन आला. "तू ये. म्या हात नाही लावला."

बोरीखाली, पाटाच्या पाण्यानं झालेल्या चिखलात, लाल मोजडी रुतलेली होती. डावी. उपसून पाहिली, तर जोधपूरच्या दुकानदारानं तळाला लिहिलेला नंबरही उजवीवरचाच.

नितीन अजून काहीतरी कारण शोधतोय. मी सोडून दिलंय. शाळेत डबा उघडला की पहिला घास मैदानाच्या कडेला ठेवते. परवा दहावीतल्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, हे काहून करता?"

दहा प्रश्न विचारणारी मी... तिला म्हणाले, "ज्या भुईवर बसलो, तिला पहिला घास द्यावा लागतो."