सबा की तिसा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. घरात सगळ्यांना वाटतं, मी इतिहासात नाव काढलं ते मोडी चांगली वाचायचो म्हणून. वाचायचो खरा. पण — थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर पुन्हा पळवाट काढीन.

चौतीस-पस्तीसचा सुमार असेल. नाशकात मी इतिहास घेऊन बी.ए. करत होतो. वर्गात आम्ही सातजण, त्यातला एक युसुफ. त्याचे वडील देवळाली कॅम्पात गोऱ्या सोल्जरांचे कपडे शिवत. तो रोज तिकडून सायकल मारत यायचा, घामाघूम, पण पहिल्या तासाला कधी उशीर नाही. त्याला फारसी यायची, मला मोडी. तो मला ‘मोडीवाले’ म्हणायचा, मी त्याला ‘मुनशीजी’. दुपारी गंगेवर, म्हणजे गोदेच्या घाटावर, बसून माझी पोळी तो खायचा आणि त्याच्या डब्यातलं मी — घरी न सांगता. मित्र होता हो माझा. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं सौम्य वाटणार नाही.

शेवटच्या वर्षी सरांनी सगळ्यांना निबंध वाचायला सांगितला. पुण्याहून एक मोठे संशोधक ऐकायला येणार होते, आणि एकाला — एकालाच — जुन्या दप्तरात आपल्या हाताखाली काम शिकायला नेणार होते. युसुफला तेवढी एकच वाट होती. नाहीतर वडिलांच्या मशीनवर बसायचं. आणि मला? माझे मामा वकील. मी कुठेही चिकटलो असतो.

युसुफने विषय घेतला एका किल्लेदाराच्या पत्राचा. वेढ्यात अडकलेला किल्लेदार दाणागोटा मागतोय, असं ते पत्र. सरांकडे त्याच्या दोन नकला होत्या. फारसी त्यांनी युसुफला दिली, मोडी मला. त्या काळी कागदावर साल अरबी शब्दांत लिहीत; इथे प्रश्न सालाच्या शेवटच्या आकड्याचा होता — सबा म्हणजे सात, तिसा म्हणजे नऊ. मोडीत दोन्ही शब्द अगदी वेगळे दिसतात. फारसी लिपीत मात्र दोघांत फरक फक्त नुक्त्यांचा, म्हणजे अक्षरांवरच्या ठिपक्यांचा, आणि युसुफच्या नकलेत लिहिणाऱ्याने घाईत नुक्ते दिलेच नव्हते.

म्हणून त्याने मला विचारलं. “मोडीवाले, तुमच्या कागदात काय आहे? सबा की तिसा? तिसा असलं ना, तर किल्ला पुस्तकात लिहिलंय त्याच्यापेक्षा दोन साल जास्त लढला. विचार कर यार!”

माझ्या कागदावर सबा होतं. स्वच्छ, ठसठशीत. पण त्याचा चेहरा असा उजळला होता — आणि मला काय वाटलं सांगू? जळलो मी. मला वर्षभरात सुचलं नव्हतं ते याला आठवड्यात सुचलं होतं. मी म्हणालो, “तिसा.”

जीभ अडखळलीसुद्धा नाही. निबंधाला अजून बारा दिवस होते. बारा दिवस तो येऊन नवे नवे मुद्दे सांगायचा आणि मी मान डोलवायचो. कितीदा तोंडाशी आलं — मग का गिळलं? रोज वाटायचं, आज खरं बोललो तर कालचं खोटं उघडं पडेल.

निबंधाच्या दिवशी युसुफने वडिलांनी शिवलेला नवा कोट घातला होता. वाचतही सुरेख होता. तो सालापाशी आला. पाहुण्यांनी त्याला मध्येच थांबवलं. किल्लेदार आठव्या सालीच वारला होता, म्हणाले. मेलेला माणूस दाणागोटा कसा मागेल? सगळे हसले. मीसुद्धा हसलो. युसुफने माझ्याकडे पाहिलं. सर रागाने लाल झाले होते. त्यांनी मला उभं केलं आणि विचारलं, मोडी नक्कल तुझ्याकडे होती ना, याने तुला विचारलं नाही?

अजून वेळ होती. त्या क्षणीसुद्धा होती, नाही का?

मी म्हणालो, “विचारलं होतं, सर. मी सबाच सांगितलं.”

पुण्याला मी गेलो. युसुफ परीक्षेलाही बसला नाही. कॅम्पात मशीनवर बसला. एवढं तुम्ही ओळखलंच असेल. पण जे मला कधीच सांगता आलं नाही, ते याच्या मधलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्या घरी आला. आत येण्याची सोय नव्हतीच; ओट्याखाली उभा राहिला. मला वाटलं, आता हा गळा धरणार. दारात आई होती.

तो म्हणाला, “माझ्याच कानांनी घोटाळा केला रे. मला तिसा हवं होतं, म्हणून मी तिसाच ऐकलं असेल. माझ्यापायी तुला सगळ्यांसमोर उभं राहावं लागलं. माफ कर.”

मी ओटा उतरलो, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्याला माफ केलं.