मी येऊन राहिली

माझ्या जावयाला उत्तम मराठी येतं, आणि मलाही येतं. सगळा घोटाळा त्यामुळेच झाला. दोघांपैकी एकाला येत नसतं तर आम्ही सरळ हिंदीत बोललो असतो, आणि मंजू मला धड भेटली असती.

मंजू माझी एकुलती मुलगी. तिचे बाबा गेल्यावर गोंदियाकडच्या सौंदडच्या घरात आम्ही दोघी होतो, तिचं लग्न झाल्यावर मी एकटी. श्रीरंग माझा जावई. पुण्याचा, स्वभावाने गरीब, भाषेने शुद्ध. आणि मी गावच्या शाळेत मराठी शिकवणारी बाई. वर्गात पुस्तकातलं मराठी बोलते, वर्गाबाहेर पाय पडला की सौंदडचं.

आमच्याकडे 'मी येऊन राहिली' म्हणजे मी येते आहे, वाटेत आहे. पुण्याच्या माणसाला मात्र वाटतं, ही बाई आली आणि तिने मुक्काम ठोकला. हा फरक मला तेव्हा ठाऊक असायला हवा होता, कारण एक इशारा मिळाला होता. लग्नानंतर श्रीरंग पहिल्यांदा घरी आले तेव्हा मी म्हणाले, "बसा जवाईबापू, चहा करून राहिली." थोड्या वेळाने ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "आई, राहिलेला असेल तरी चालेल मला. नवा नका करू." मला वाटलं, काय साधा मुलगा आहे, शिळा चहासुद्धा पितो. त्यांना वाटलं, इकडे पाहुण्यांना उरलेला चहा देतात. मंजू पदर तोंडात कोंबून हसत होती. (समजावून सांगितलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण पोरीला हसण्यातून सवड मिळेल तर ना.)

तर श्रीरंगना कॅनडात नोकरी लागली. दोघं निघाले. काही वर्षं तरी येणं होणार नव्हतं. विमान मुंबईहून, दुपारनंतरचं. मी सवयीप्रमाणे सगळं आखलं. गोंदियाहून गाडी, सकाळी दादर, तिथून टॅक्सीने विमानतळ. ते दोघं पुण्याहून मोटारीने थेट तिथे येणार. दारात भेट, डबा, गप्पा, आणि पाच किलो चिन्नोर मंजूच्या हवाली.

"आई, तिकडे तांदूळ मिळतो," मंजू फोनवर म्हणाली होती.

"मिळत असन. चिन्नोर मिळते का?"

"नाही मिळत."

"मग बोलतं कायले?"

गाडीला उशीर होऊ शकतो, हेही मी धरलं होतं. इतका होईल, हे धरलं नव्हतं. घाटात गाडी अशी थांबली की लोक खाली उतरून फुलं तोडू लागले. मंजूचा मोबाइल कंपनीचा होता, तो तिने परत केलेला. म्हणून मी श्रीरंगना फोन लावला.

"हॅलो, जवाईबापू, मी येऊन राहिली."

"आलात? वा. कुठे राहिलात?"

"गाडीत."

"अरेरे. काय राहिलं गाडीत?"

"मीच."

"आई, मग आधी उतरून घ्या."

"घाटात कशी उतरू?" मी विचारलं, तोवर रेंज गेली. मला वाटलं, पुणेरी विनोद असेल. आपल्याला कळला नाही, आपण हसून सोडून द्यावा. मी हसून सोडून दिला. तिकडे त्यांनी मंजूला सांगितलं, "आई पोहोचल्या, आता येतीलच." आणि दोघं विमानतळाच्या दारात माझी वाट बघत उभी राहिली. मी अजून डोंगरातच होते.

अखेर दादर आलं. टॅक्सीत बसले, पिशवी मांडीवर घेतली, रस्ता बरा लागला तसा जीवही जरा भांड्यात पडला. मी पुन्हा फोन केला.

"टॅक्सी निघून राहिली, जवाईबापू. सरळ तिकडेच जाऊन राहिली."

"निघून गेली? तुमचं सामान?"

"सामान टॅक्सीतच आहे ना."

"अरे देवा. थांबा आई. जिथे आहात तिथेच उभ्या राहा. अजिबात हलू नका. मी येतो." आणि फोन बंद.

आता जावई कधी आवाज चढवून बोललेला नाही. तो हलू नका म्हणतो, म्हणजे पुढे काहीतरी झालं असणार. रस्ता बंद असेल, विमानाचं काही असेल. मी ड्रायव्हरला म्हणाले, "भैया, रोको."

"माताजी, एअरपोर्ट तो आगे है."

"मालूम है. जमाई ने रुकने को बोला है."

"जमाई किधर है?"

"एअरपोर्ट पे."

त्याने आरशात मला नीट पाहिलं. मग म्हणाला, "आप रुको. मेरे को तो धंधा करना है." मला आणि चिन्नोरला हायवेच्या कडेला उतरवून तो गेला. आता टॅक्सी खरोखरच निघून गेली होती. म्हणजे जावयाचं मराठी बरोबर ठरायला सुरुवात झाली होती.

मी एका टाइल्सच्या दुकानासमोर उभी राहिले. दुकानात चकचकीत न्हाणीघर मांडून ठेवलं होतं. त्यातल्या आरशात एक बाई दिसत होती. कडक इस्त्रीची साडी, छातीशी तांदळाची पिशवी, आणि चेहरा असा की कुणीतरी तिला तिथे विसरून गेलं आहे. जरा वेळाने कळलं, की ती मीच.

तिकडे श्रीरंगनी सामानाच्या ढिगाशेजारी मंजूला उभं केलं आणि लुटल्या गेलेल्या सासूला सोडवायला मोटार उलटी दादरकडे पळवली. भेटायला निघालेली तीन माणसं अशी तीन ठिकाणी जाऊन पडली.

शेवटी त्यांचा फोन आला. "आई, मी दादरला आहे. तुम्ही दिसत नाही. कुठे आहात?"

"टाइल्सच्या दुकानासमोर."

"तिथे काय करताय?"

"तुम्हीच सांगितलं ना, उभ्या राहा म्हणून? म्हणून उभी राहून राहिली."

पुण्यात हे वाक्य याआधी कुणी ऐकलं नसावं. फोन कानाशी धरूनच मी दुकानदाराला विचारलं, विमानतळ किती दूर आहे. तो म्हणाला, "यहीं तो है, अगला मोड़."

"जवाईबापू, विमानतळ जवळच हाये म्हणते. मी रिक्षा करून राहिली."

"नका राहू!" ते ओरडले. "आई, हात जोडतो, कुठेच राहू नका. फक्त या."

मी आले. पण मध्ये रिक्षा भलत्या दारावर गेली, तिथून पिशवी घेऊन चालत निघाले, आणि खऱ्या दाराशी पोहोचले तेव्हा श्रीरंग दादरहून परतून मंजूला आत घेऊन गेले होते. आणखी थांबले असते तर विमान चुकलं असतं. दारावर शिपाई, तिकिटाशिवाय आत सोडत नव्हता. मी काचेच्या भिंतीच्या कडेकडेने चालत प्रत्येक पाठमोरी मुलगी तपासत गेले. आणि मंजू दिसली. तीही काचेजवळ येऊन बाहेर शोधत होती.

मी पिशवी उंच करून दाखवली. तिने नवऱ्याचा फोन कानाला लावला. माझा वाजला.

"आई, किती घाम आला आहे तुला. पाणी पी."

"पिते. तांदूळ कसा देऊ?"

"राहू दे."

"राहूनच राहिला तो."

ती हसली. मग हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं, तेव्हा फोन श्रीरंगनी घेतला. मधल्या वेळात मंजूने त्यांना सगळं व्याकरण समजावलं असावं. काचेपलीकडून मान वाकवून त्यांनी नमस्कार केला आणि एकेक शब्द जपून म्हणाले, "आई, आम्ही जाऊन राहिलो."

अगदी सौंदडचं बोलले ते. माझ्याचसाठी. आणि मला मेलीला ते पहिल्यांदाच पुण्याचं ऐकू आलं: गेलो, आणि तिकडेच राहिलो.

परतीचा प्रवास अगदी बिनचूक झाला. गाडी वेळेवर, जागा खिडकीची, कुठेही घोटाळा नाही. होणार कसा? मी कुठवर आले, हे कुणाला कळवायचंच नव्हतं. समोर गोंदियाची एक बाई होती. तिने पिशवीकडे पाहून विचारलं, "पोरीकडे गेलता का? कोठी राह्यते?"

"कॅनडाले जाऊन राहिली."

"अच्छा, विमानात आहे म्हणा. पोहचन मंग उद्यापर्यंत."

मी हो म्हणाले. तिला आमचा अर्थ कळला होता, मी मात्र पुण्याचा घेऊन बसले होते.

याला आता बरीच वर्षं झाली. दर रविवारी फोन येतो. मी विचारते, कधी येता? जावई आता आमच्यापेक्षा पक्के झाले आहेत. झटकन म्हणतात, "येऊन राहिलो, आई." फोन ठेवला की मी चिन्नोरच्या डब्यातून दोन मुठी जास्त काढते, आणि सोमवारी एकटीच फोडणीचा भात खाते. क्रिया चालू आहे, पुरी झालेली नाही, याला अपूर्ण वर्तमानकाळ म्हणतात. सातवीच्या पोरांना मी हे दरवर्षी शिकवते. त्यांना एका तासात समजतं. बाई अजून प्रत्येक रविवारी नापास होऊन राहिल्या आहेत.